डाव्या हातचं मोहाचं झाड

फुलवंताचं घर सडकेला लागून आहे. घरात ती आणि तिचा नवरा बिसराम, दोघंच. थोडं धान करतात, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. घरासमोर, सडकेच्या पलीकडे, मोहाचं जुनं झाड आहे. कुठंही निघाली तरी फुलवंता आधी तिथं घडीभर उभी राहते.

तिची एकुलती लेक त्या झाडाखाली आहे. बारसं व्हायच्या आधीच गेली. गोंडांमध्ये अंगावर पिणारं लेकरू गेलं की त्याला मोहाच्या बुडाशी माती देतात. मोह ही माय. तिचं दूध गळत राहतं, लेकरू उपाशी राहत नाही. पुढं फुलवंताची कूस उजवली नाही.

आमची सडक फार जुनी. खड्डे असे की देवरीहून येणारी एसटी गावात शिरताना म्हशीसारखी डुलते. ती रुंद होणार म्हणून मागच्या हिवाळ्यात सडकेचे साहेब आले. अंगणवाडीच्या ओट्यावर सभा बसली. मी तिथली सेविका, म्हणून चहा माझ्याकडे होता.

साहेबांनी नकाशा पसरला. "दोन्हीकडून रुंद केली तर घरंही जातील, झाडंही जातील. एकाच बाजूनं घेऊ. डावी बाजू चालेल का?"

आमच्या गावाची डावी-उजवी देवरीहून धरतात. बाजार तिकडे, एसटी तिकडून, गावात येणारा माणूस तिकडून. डाव्या हाताला फुलवंताचं घर आणि हिरालालचा चहाचा ठेला. उजव्या हाताला शेतांचे धुरे, धानाच्या बांध्या आणि मोह.

"गेला माझा ठेला!" हिरालालनं कपाळावर हात मारला.

"अरे, सडकेच्या मंधात बस आता," कुणीतरी म्हणालं. "चहा बी विक अन् टोल बी घे."

सगळे हसले. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यात आधी फुलवंताचा हात वर गेला.

"येडी झाली का वो?" बिसराम तिच्यावर खेकसला. "आपलं घर जाऊन राहिलं अन् हात काऊन वर करून राहिली?"

"घर दुसरं बांधता येते," ती म्हणाली. मग बिसरामनंही हात वर केला.

सडकेची माणसं आली ती होळीच्या आधी. मोहावर पांढरा पट्टा मारला, त्यावर लाल नंबर घातला. फुलवंताला वाटलं, वाचवायची झाडं मोजून राहिले. तिनं त्यांना घरातून पाणी आणून दिलं, गूळ दिला.

हिरालालनं सहज विचारलं, "हे नंबर कायचे, भाऊ?"

"तोडायच्या झाडांचे."

"पन हे तं उजवी बाजू होय!"

रंगवाला हसला. "आमचे किलोमीटरचे दगड त्या टोकाच्या आमगावकडून सुरू होतात, काका. तिकडून आलं की हीच डावी."

फुलवंताच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो तिनं खाली ठेवला नाही, तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हिरालालनंच तिला मोटरसायकलवर बसवून साहेबांकडे नेलं. ठेला त्याचा वाचला होता, तरी गेला. तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, झाड वाचवा हे म्हणणं ऐकून घेतलं. म्हणाला, "डावी बाजू तुम्हीच मान्य केली, नकाशा आता वर गेला. आणि बाई, तुमचं घर तर वाचलं ना! एका झाडामागं पाच झाडं लावू आम्ही."

"मोहाचीच का?"

"मोहाला फार वर्षं लागतात. गुलमोहर वगैरे लावतो."

मग फुलवंतानं विचारलं, "साहेब, झाड गेल्यावर लेकरू कोनापाशी ठेवू?"

साहेबाला वाटलं, घरी लहान पोर आहे. तो मायेनं म्हणाला, "अंगणवाडीत ठेवा ना. तिथं खाऊही मिळतो."

हिरालालला खरं सांगायचं होतं. पण फुलवंतानं हात जोडले आणि ती उठली.

हे ऐकल्यापासून अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना मला ते लेकरू आठवतं. संध्याकाळी देवापुढं दिवा लावते तेव्हा वाटतं, त्या लेकराचंही नाव घ्यावं. पण त्याला नावच नाही.

झाड अजून उभं आहे. चैतात मोह गळायला लागला, तशी सकाळी गावातल्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. फुलवंता मोहाखाली बसली होती. टोपली नव्हती, हातात काठी होती. फुलांचा नुसता सडा पडला होता.

"वेचत काऊन नाही वो, फुलवंता?" मी विचारलं.

"राहू द्या, बाई. औंदा सारं लेकीचं." आणि फुलांकडे येणाऱ्या शेळ्या हाकलायला ती उठली.