सहा खोल्या, बहात्तर खुंट्या

माझ्या घरमालकिणीनं एकदा साहेबासमोर स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती.

काल ती गेली.

इंदूआक्का. मूळची पारोळ्याकडची. सुरतेत पर्वत पाटियाजवळ सहा खोल्यांची मालकीण.

'मालकीण' म्हटल्यावर कोणी झोपाळा आणि नोकरचाकर डोळ्यांसमोर आणू नयेत. नवराबायकोनं लूमवर राबून एकेक खोली उभी केलेली. नवरा लवकर गेला. खोल्या राहिल्या, आणि खोल्यांतली माणसं.

एका खोलीत अंथरुणं सहा, माणसं बारा. दिवसपाळीचा कामावर गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा येऊन पडायचा.

प्रत्येकाची स्वतःची अशी एकच गोष्ट. भिंतीवरची खुंटी.

शर्ट, पिशवी, गावाहून आलेलं पत्र, सगळा संसार तिच्यावर. आक्का खोली भाड्यानं देत नसे, खुंटी देत असे.

माझी दारापासून तिसरी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. प्लेगची साथ नुकतीच ओसरली होती आणि शहरानं स्वच्छता मनावर घेतली होती. ज्या खोल्यांना पुरेसे संडास नाहीत, गटार नाही, त्यांना सील.

आमच्याकडे माणसं बहात्तर, संडास एक. म्हणजे पालिकेच्या साहेबांचं फार चुकत होतं असंही नाही.

आक्कानं कडोदरा रस्त्यापर्यंतचे वीसेक खोलीमालक दर रविवारी दुपारी गच्चीवर गोळा करायला सुरुवात केली. बहुतेक सगळे जुने लूम कामगार.

"भांडाना पहिले समजाले पाहिजे ना, भाऊ," ती म्हणाली.

समजावायला मी. पाठशाळेत आठ वर्षं संस्कृत व्याकरण घासून सुरतेत शाळामास्तर झालेलो. नियमांचं गुजराती पुस्तक घेऊन मी सवयीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडायचो, मग उत्तरपक्ष.

"तास व्हयना मास्तर," भिकनभाऊ घड्याळ दाखवत म्हणायचे. त्यांच्या दहा खोल्या. "संडास कोनता पानवर से?"

आक्का हसायची. "मास्तर, माणसेसनी भाषामा सांगा. देवले खोली भाड्यानी देनी नही आपले."

पण दोन महिन्यांत काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगठा उठवणारी माणसं कलमाचा आकडा सांगून वाद घालू लागली.

एक कलम आक्कानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. जिथे वस्ती आहे तिथे सुधारणेला मुदत द्यावी लागते. रिकामी खोली मात्र तिथल्या तिथे सील करता येते.

मग आम्ही अर्ज केला. संडास आम्ही बांधतो, गटारलाइन तुम्ही द्या. मुदत द्या. आणि पुढचे नियम करताना खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनाही एकदा विचारा.

साहेब पाहणीला यायला तयार झाले.

आणि आमची तंतरली. एकेका खोलीत बारा-बारा माणसं दिसली तर?

उपाय एका विद्वानानं सुचवला. सगळ्या भाडेकरूंना मॅटिनीला पाठवा.

विद्वान म्हणजे मी.

आमच्या सभेनं एकमतानं मंजूर केलेला तो पहिला ठराव.

रातपाळीचे बिचारे थिएटरात झोपले. अंथरुणं गच्चीवर गेली. खोल्यांना कुलपं लागली.

साहेबांनी कुलपं पाहिली. "बधी खाली छे ने?" सगळ्या रिकाम्याच ना?

भिकनभाऊ उत्साहानं, "हा साहेब, एकदम खाली!"

"तो पछी वांधो शुं? सील मारी दो." मग अडचण काय, लावा सील.

तेव्हा ते कलम माझ्या डोक्यात लख्ख उजळलं. आठ वर्षांच्या अध्ययनानंतर, नेमकं तेव्हा.

खरं बोलावं तर गर्दी कोंबली म्हणून गुन्हा. गप्प राहावं तर सिनेमा सुटल्यावर बहात्तर माणसं रस्त्यावर.

वीस मालकांनी माना खाली घातल्या. वैयाकरणानंही.

आक्का पुढे झाली. कमरेचा जुडगा काढून पहिलं कुलूप उघडलं.

"साहेब, खाली नथी. अमे खोटुं बोल्या."

अंथरुणं आम्ही लपवली होती. खुंट्यांवरचे कामाचे कपडे काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. सिनेमाला सगळे चांगले शर्ट घालून गेले होते.

आक्कानं पहिल्या खुंटीवर हात ठेवला.

"सुकलाल. शिंदखेडा. दिवसपाळी."

दुसरीवर. "रामा. परभणी. रातपाळी. खोकला छे."

तिसरी. चौथी. कागद नाही, वही नाही. नाव, गाव, पाळी. कोणाची बायको बाळंत आहे, कोण दर शनिवारी जेवत नाही.

मला माझ्या पाठांतराचा गर्व होता. तो दुसऱ्या खोलीत उतरला.

साहेबांनी तिसऱ्या खोलीत पेनाला टोपण लावलं आणि नुसते ऐकत राहिले. सहा खोल्या. बहात्तर खुंट्या. एकही चुकली नाही.

शेवटच्या खुंटीवरचा हात न काढता ती म्हणाली,

"मारी ओरडी, मारो गुनो. पण मुदत एमने आपो."

खोली माझी, गुन्हा माझा. मुदत त्यांना द्या.

मागे वळून पाहिलं तर भिकनभाऊ नव्हते. ते आपल्या खोल्यांची कुलपं उघडायला गेले होते.

मुदत मिळाली. एका खोलीत इतकी माणसं ठेवायची नाहीत अशी ताकीदही मिळाली. आक्कानं कोणालाही काढलं नाही. स्वतःची राहती जागा जास्तीच्या माणसांना दिली आणि वरचा मजला होईपर्यंत जिन्याखाली चूल मांडली.

मी तिला म्हटलं, "आक्का, मालक जिन्याखाली आणि भाडेकरू घरात, असं कोणत्या शास्त्रात आहे?"

"तुमना पुस्तकमा नही का?" ती म्हणाली. "मंग लिखी ल्या."

आज लिहितोय. थोडा उशीर झाला.

काल संध्याकाळी गेलो होतो. भिंतींना नवा रंग आहे, पण आडव्या उजेडात खुंट्यांची बुजवलेली भोकं अजून दिसतात.

आक्काचा मुलगा म्हणाला, "मास्तर, आईनी खोली रिकामी व्हयनी."

आक्का, तुझी खोली रिकामी आहे, हे मी पूर्वीही एकदा ऐकलंय.

तेव्हाही ते खोटंच होतं.

दारापासून तिसऱ्या खुंटीचा तुला शेवटचा नमस्कार.