टोपलीतला खिळा

तेर गावच्या जाईबाईनं कोंबडी अंड्यांवर बसवली आणि अंडी वाया गेली, असं क्वचितच झालं. टोपलीत कोंडा, कोंड्यावर अंडी, आणि खाली पुरलेला एक लोखंडी खिळा. आभाळ गडगडलं की अंड्यातला जीव दचकतो, अंडी सडतात. जवळ लोखंड असलं की गडगडाट लोखंडावर जातो, असं तिच्या आईनं शिकवलं होतं. तिची स्वतःची कूस मात्र लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही रिकामीच होती.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात, तेरणा नदीचं पात्र पांढरं पडलेलं असताना, सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोघा नवरा-बायकोला मुंबईच्या एका दवाखान्यात धाडलं. जाईबाईनं घरचा खिळा पिशवीत घातला, तेव्हा आबाराव गाडीत हसला होता. "देव सोडले, नवस सोडले, आन् आता खिळा धरलास व्हय?"

दवाखान्यात तिची बीजं काढून आबारावच्या बीजाशी काचेच्या बशीत मिळवली. गर्भ तयार झाले. ती बशी आता प्रयोगशाळेतल्या उबेच्या पेटीत होती आणि सकाळी ते गर्भ तिच्या पोटात सोडायचे होते.

दुपारी आभाळ भरून आलं. पहिल्याच गडगडाटाला दिवे गेले. आबाराव गावाकडं दूध संघाच्या शीतकरण केंद्रात मशीनवर कामाला होता. वीज गेली की दूध कसं नासतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? जनरेटर घरघरला, दिवे आले. तरी तो खाली जनरेटर बघायला धावला.

आभाळ पुन्हा कडाडलं. जाईबाई खिळा मुठीत धरून उठली. प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नव्हतं. पेटीच्या कडीवर तिचा हात पडला तोच मागून प्रयोगशाळेच्या बाई आल्या.

"उघडलंत?"

आवाज चढला नव्हता, पण जाईबाईनं झटकन हात मागं घेतला.

"न्हाय बाई. नुसता हात लावला."

बाई आधी पेटीवरच्या उष्णतेच्या काट्याकडे गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. काटा जागेवर होता. मग बाईंनी तिला समजावलं: आत अंगाइतकीच ऊब लागते, बशीतला थेंब सुकू नये म्हणून ओल लागते, हवाही मोजून सोडलेली असते. दार उघडलं की सगळं बाहेर जातं आणि परत जमायला फार वेळ लागतो.

"म्हंजी खुडूक कोंबडी उठवल्यावानी," जाईबाई पुटपुटली.

"तसंच. आणि तुम्ही ती उठवायला निघाला होता."

जाईबाई रडली नाही. खिळा पदराच्या टोकाला बांधून बाहेर बाकावर बसली. त्या गाठीवरची मूठ मात्र सुटेना.

सकाळी गर्भ पोटात सोडले. थोडे दिवस तिथंच ठेवून घेऊन त्यांना गावी जायला सांगितलं. धरलं की नाही ते पुढं कळणार होतं.

परतीच्या गाडीतून बार्शीच्या पुढं ढग दिसले. पाण्याला आसुसलेली सगळी गाडी खिडक्यांकडे लोटली, म्हातारे हात जोडू लागले. दूरवर गडगडलं. जाईबाईनं दोन्ही हात पोटावर धरले. आबारावनं खिडकीची काच ओढून घेतली आणि तिच्याकडे न बघता, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"खिळा हाय न्हवं जवळ?"