पाऱ्यावर तरंगणारा दगड

ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात एफ्राइम टटल तीस वर्षं सुतार होता. सुतार म्हणजे नावाला. घड्याळं, कुलपं, पंप, सगळं त्याच्याच गळ्यात. बुटका, गुडघ्यांनी अधू, पण हात असे की त्याने रंधा मारलेल्या फळीवर बोट फिरवावं आणि डोळे मिटून घ्यावेत!

१८९१ च्या सप्टेंबरात प्रोफेसर विन्स्लो पेक त्याला तळघरात घेऊन गेले.

"टटल, आवाजाला हवा लागते, लाटेला पाणी लागतं. मग प्रकाशाला काय लागतं?"

"माझ्या घरी तरी रॉकेल लागतं, साहेब."

पेक खळखळून हसले. सूर्यापासून इथपर्यंतची पोकळी कशाने तरी भरलेली असणार, त्याला ईथर म्हणतात, असं त्यांनी समजावलं. पृथ्वी त्यातून धावते, तेव्हा ईथरचा वारा तिला समोरून लागणारच. त्या वाऱ्यात सरळ जाऊन परतणारा किरण आणि आडवा जाऊन परतणारा किरण यांतला एक मागे पडेल. दोन्ही एकत्र आणले, की दुर्बिणीत काळ्या-उजळ पट्ट्या दिसतात. आरसे बसवलेला जड दगड फिरवताना त्या सरकल्या, की वारा सापडला.

"दुसऱ्यांना नाही सापडला. मला सापडेल. पण दगड हलका फिरायला हवा."

म्हणून टटलने ओक लाकडाचा गोल तराफा केला. पाऱ्याने भरलेल्या लोखंडी हौदात तो तराफा, तराफ्यावर पाच फुटी चौकोनी दगड, दगडावर आरसे. एका बोटाने ढकलायचा. पेक दुर्बिणीला डोळा लावून दगडाबरोबर चालायचे, सोळा खुणांवर पट्टी कुठे आहे त्याचे सोळा आकडे पुकारायचे. टटल बाकावर बसून लिहायचा. खोकायचीसुद्धा चोरी!

तीन आठवडे पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत.

"तराफा कुठेतरी घासतोय," पेक एका दुपारी म्हणाले. "त्याने दगड ताणला जातो. वाईट वाटून घेऊ नका, पण नव्या तराफ्यासाठी बोस्टनच्या कारागिराला लिहितो."

वाईट कसं वाटणार नाही? टटलने चार वेळा हौदाची कड चाचपली. कुठेही घासत नव्हतं. पण सुताराच्या अंगठ्यावर कोण विश्वास ठेवणार?

मग थंडी पडली. चर्चमध्ये बायका पायांशी ठेवतात तशी, चुलीत तापवून फ्लॅनेलात गुंडाळलेली वीट त्याच्या बायकोने, लव्हायनाने, त्याच्या हाती दिली. "बाकाखाली ठेव. तुझे गुडघे करकरले तर प्रोफेसरांचा ईथर बिथरेल."

आणि त्याच दुपारी पट्ट्या सरकल्या! पेक ओरडलेच. "टटल! तुमचा तराफा सोन्याचा आहे! निबंधात तुमचं नाव घालतो."

चार दिवस टटल कॉलेजात ताठ मानेने फिरला. पाचव्या दिवशी छत गळत होतं म्हणून त्याने बाक पलीकडच्या भिंतीशी नेला. आकडे लिहिताना हात थबकला. पट्ट्या सरकत होत्या, पण दुसऱ्याच खुणांवर. आकाशातला वारा बाकामागे कशाला फिरेल? त्याने हळूच पायाखाली पाहिलं. रोजचीच गरम वीट.

रात्री जेवताना त्याने लव्हायनाला विटेचं सांगितलं; ताटातल्या बीन्स तशाच राहिल्या.

"सांगितलंस, तर पट्ट्या पुन्हा थांबतील," लव्हायना म्हणाली.

"थांबतील."

"आणि खापर तुझ्या तराफ्यावर."

"तेही."

"मग बीन्स तरी खा. उपाशीपोटी खरं बोलताना माणूस चिडका वाटतो."

दुसऱ्या दिवशी त्याने पेकांच्या टेबलावर तापलेली वीट ठेवली आणि सगळं सांगितलं. पेकांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी वीट उचलून हौदाच्या एका बाजूला धरली, टटलला दुर्बिणीशी उभं केलं. कोपरा विटेजवळून जाताना पट्टी सरकली. दूर गेला, परत आली.

"एवढ्याशा उबेने!" पेक पुटपुटले.

"म्हणजे यंत्राला दिसतं, साहेब. घासत असतं, तर हेही दिसलं नसतं."

पेकांनी वीट त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. वीट घेऊन. आतून पुकारतो, लिहा."

टटल जिन्यावर बसला. दाराच्या फटीतून आवाज आला, "बेचाळीस." मग बेचाळीस. मग एक्केचाळीस, पुन्हा बेचाळीस. सोळाही आकडे जवळपास सारखे. दुसरा फेरा, तिसरा, तेच. प्रत्येक आकड्याला टटलची छाती फुगत होती आणि आतला आवाज बसत चालला होता.

शेवटी पेक बाहेर येऊन त्याच्याशेजारी टेकले. वारा नव्हता. कदाचित ईथरच नव्हता.

"बोस्टनला पत्र नको पाठवायला," ते म्हणाले.

टटलला हसू फुटत होतं. त्याने ते गिळलं. शेजारच्या माणसाचं कित्येक आठवड्यांचं काम बुडालं होतं. त्याने डब्यातल्या मक्याच्या पावाचा मोठा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. पेक खात राहिले. आत कोणी ढकलत नव्हतं, तरी दगड अजून फिरतच होता.