राहिलेला तुकडा आणि दिवेलागणीनंतरचं पाणी

“मोठा खडा निघालाय, पण मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात एक तुकडा राहिलाय,” डॉक्टर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. जोंधळ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. तो बघितला आणि वाटलं, इथंच बाकावर आडवं व्हावं.

मुतखड्याचं ऑपरेशन सांगलीतच झालं होतं. पाठीला लहान भोक पाडून दुर्बिणीतून खडा फोडून काढतात, त्याला पीसीएनएल म्हणतात. नंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात, ती डीजे स्टेंट. ती आत होती तोवर लघवीला जायचीच भीती बसली होती. नळी काढली त्या दिवशी मी घरोघरी पेढे वाटले. म्हणून सांगते, नंतरचा सीटी स्कॅन होईपर्यंत पेढे आणू नका.

उरलेल्या तुकड्याला रेसिड्युअल फ्रॅगमेंट म्हणतात. “तो आपोआप पडेल, तिथंच राहील किंवा वाढेलसुद्धा,” डॉक्टर म्हणाले. “पाणी भरपूर प्या. संध्याकाळनंतरही.”

“रात्रीचं पाणी बंद हाय तिचं,” आमचे हे म्हणाले.

आम्ही जैन, द्राक्षबागवाले. लग्नानंतर सासूबाईंनी मला नियम दिला. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. इतक्या वर्षांत तो कधी जड गेला नाही.

डॉक्टर म्हणाले, “नियम मोडा असं मी म्हणणार नाही. पण रात्रभरात लघवी घट्ट होते आणि खडा तशातच वाढतो.”

मग मी दिवसाच पाणी पिऊन बघितलं. देवळातून आल्यावर तांब्या, बागेत तांब्या. पोट डब्ब, सारख्या खेपा, आणि सकाळी लघवी पुन्हा गर्द पिवळी. बागेतलं काम अर्धवट टाकून मी सावलीत बसून राहायची.

फलटणला लेकीकडे असताना कळ उठली. उलट्या थांबेनात. “आई, नियम मोठा का तू?” लेक रडत म्हणाली. तिनंच मला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत एक बारीक कण मूत्रवाहिनीत उतरलेला दिसला. तो पुढं पडून गेला. तुकडा मात्र जागेवरच.

घरी आल्यावर एका संध्याकाळी, दिवा लावून झाल्यावर, मी स्वयंपाकघरात गेले आणि फुलपात्र भरलं. कुणाला विचारलं नाही. घोट घेतला आणि बघते तर सासूबाई दारात.

“गाळून घेतलंस न्हवं?”

“व्हय.”

“मग खाली बस. उभ्यानं पिऊ नगं.”

एवढंच बोलल्या आणि माळ घेऊन आत गेल्या. मी बसून सगळं पाणी प्यायले. नियम मोडल्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण त्या माउलीनं त्याचं ओझं माझ्या एकटीवर टाकलं नाही.

पुढच्या तपासणीत तुकडा होता तेवढाच होता. “वाढलेला नाही. आता वर्षानं बघू,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे संपलं असं नाहीच. ज्यांचा तुकडा राहिलाय त्यांनी एवढं धरून चालावं.

बाहेर पडल्यावर यांनी विचारलं, “बरं न्हाई वाटत?”

“दमलेय,” मी म्हटलं. “पण भूक लागलीया.”

एस.टी. स्टँडसमोर आम्ही दोघं जेवायला बसलो. या सगळ्या आजारपणात दवाखान्यातून बाहेर पडून मला भूक लागली, ती पहिल्यांदाच. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.