विळख्यात आत्याचा हात

आमची जमीन भीमेच्या काठाला, दौंड तालुक्यात. नदी ओलांडली की शिरूर तालुका. पुलावरून, न्हावऱ्यामार्गे मी रोज रांजणगावला कंपनीत जातो. हे घडलं त्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट होती. बसमधून उतरून घरी आलो, तोंड धुतलं, तर आई म्हणाली, "आत्या खालच्या वावरात शेळ्या घिऊन गेलीया. चहा देऊन ये तिला."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडं आली ती कायमची. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, पण दिवसभर पायाला उसंत नाही. खालच्या वावरात ऊसतोड चालू होती. तोडलेल्या उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं शेळ्यांना फुकट मिळतं, म्हणून ती रोज तिकडं जायची.

किटली घेऊन मी निघालो. ऊन अजून होतं. तोडणारी माणसं वावराच्या पार दुसऱ्या टोकाला मोळ्या बांधत होती. अलीकडं बांधावर आमच्या तीनपैकी दोन शेळ्या उभ्या होत्या. समोर वाढं पडलेलं, पण दोघींपैकी एकीचंही तोंड त्यात नव्हतं. दोघी उसाकडं बघत होत्या. तिसरी दिसेना.

मग आत्याचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हे. पोराला दटावावं तसा, खालच्या सुरात.

"सोड. सोड म्हणते न्हवं."

मला वाटलं, शेळीशी बोलतेय. मी दोन सऱ्या पुढं गेलो.

आत्या उसाच्या वाळक्या पाचटात गुडघ्यावर बसलेली होती, शेळीला मिठी मारल्यासारखी. शेळीभोवती काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते तपकिरी, त्यावर काळपट ठिपके, माझ्या मांडीएवढं जाड. पहिल्यांदा मला तो पाइप वाटला. खरंच, पाण्याचा पाइप वाटला. मग पाइप हलला.

अजगर. त्याचं तोंड शेळीच्या मानेत रुतलेलं, अंगाचे तीन वेढे तिच्या छातीभोवती. आणि त्या वेढ्यांत आत्याचा डावा हात कोपरापर्यंत आत गेलेला. शेळीला ओढायला गेली आणि वेढा हातावरूनच बसला होता.

"आलास व्हय?" आत्या म्हणाली. "हात निघंना रं."

मी उभा होतो. किटली हातात तशीच. पुढं काय करायचं ते मला माहीत होतं असं नाही, पण धावायचं तरी माहीत होतं, आणि पाय हलेनात. सगळ्यात भयंकर म्हणजे आवाजच नव्हता. माझ्या डोक्यात असल्या प्राण्याचा फूत्कार, आदळआपट असलं काहीतरी होतं. इथं तसलं काही नाही. शेळीनं श्वास सोडला की वेढा जरासा आवळायचा. पुन्हा श्वास, पुन्हा आवळणं. मग शेळीनं श्वास घेणंच बंद केलं. तिचे डोळे उघडेच राहिले. आत्याचं तोंड पांढरं पडलं होतं आणि बोटं, जी वेढ्याच्या पलीकडून बाहेर आली होती, ती जांभळी.

"आरं बघत काय ऱ्हायलास! धर की त्याला!"

मी किटली खाली ठेवली. नीट, सांडू नये म्हणून. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. किटली ठेवली आणि पुन्हा उभा राहिलो. ओरडायचं तेवढं सुचलं. काय ओरडलो ते आठवत नाही.

वावराच्या टोकाकडून तोडणाऱ्यांतली एक बाई आणि तिचा नवरा पळत आले. बीडकडची माणसं. नवऱ्यानं कोयता उगारला, तशी बाईनं त्याचा हात धरला.

"आवो, बाईचा हात हाय त्याच्यात! कोयता नका घालू!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, तोंडाकडं जाऊ नका. शेपूट हुडका. शेपटाकडून उलटं सोडवायचं."

ती स्वतः बसली आणि पाचटात हात घालून शेपटाचं टोक वर काढलं. तिनं धरलं, तिच्या नवऱ्यानं धरलं, तेव्हा कुठं माझे हात पुढं गेले.

ते अंग गार होतं आणि कोरडं. मला ते बुळबुळीत असेल असं वाटलं होतं. आत नुसता जोर. आम्ही तिघं मिळून एक वेढा उलगडायचो आणि हात जरा सैल पडला की तो परत बसायचा. बाई म्हणत होती, "वढू नका, फिरवा. फिरवा." दुसरा वेढा सुटला तशी आत्या किंचाळली, पहिल्यांदाच. तिसरा अर्धा सुटला आणि तिचा हात बाहेर आला. ती मागं पडली. आम्ही तिघांनी एकदमच हात सोडले.

अजगरानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेळी तिथंच टाकून तो उभ्या उसात शिरला, सावकाश. त्याचं सगळं अंग आत जायला इतका वेळ लागला, की मी त्याचं शेपूट कधी संपतंय याची वाट बघत राहिलो.

दौंडच्या दवाखान्यात मनगटाचं हाड मोडल्याचं कळलं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "कशानं झालं म्हणालात?" ऊसतोड त्या दिवशी थांबली. दुसऱ्या दिवशी सर्पमित्राला बोलावलं, त्यानं पाचटाच्या ढिगाखालून अजगराला धरून पोत्यात घातलं आणि वनखात्याच्या गाडीतून नेलं. बघायला सगळा गाव लोटला होता. आत्या आली नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती ओट्यावर बसून, प्लास्टरच्या हाताकडं बघत म्हणाली, "ते रागात नव्हतं रं. कुत्रं चावतं तवा रागात असतं. ह्याला मी हाय का न्हाई, तेबी ठावं नव्हतं. म्या बोलत हुते त्याच्यासंगं, आन् ते आपलं आवळतंय."

कंपनीच्या कँटीनमध्ये मी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. तीत मी उभा राहिलेला कधीच नव्हतो. पोचलो आणि धरलं, असं सांगायचो. प्लास्टर निघाल्यावर पाहुणे आले, तर आत्याही त्यांना तेच सांगू लागली, "ह्यो आला म्हणून वाचले." मला तिथं बसवेना. पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "आत्या, मी आधी नुसता उभा होतो. त्या बाईनं धरलं, मग मी."

"ठावं हाय की मला. तुझ्याकडंच बघत हुते मी."

"मग असं का सांगतेस?"

"तर काय सांगू? त्या बाईचं नाव इचारायचंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई आपल्या." मग हाताची बोटं एकेक करून मिटत, उघडत ती म्हणाली, "टोळी गेली का रं त्यांची?"

गावातली ऊसतोड उरकून त्यांची टोळी चार दिवसांपूर्वीच पाटसच्या बाजूला गेली होती. मी गाडी काढली. ती मागं बसली, बऱ्या हातानं माझा खांदा धरून, आणि आम्ही त्यांना शोधायला निघालो.