बिरूआबांची अकराशे चाळीस

छाननी समितीनं सांडू शिंगाडेंच्या अर्जावर शेरा मारला : 'पेपर चार, सायटेशनं नऊ.' प्राध्यापकपद मागणाऱ्याच्या हातात एवढीच शिदोरी म्हणजे वऱ्हाडाला दोन भाकरी! त्यात सांडूसरांची ही तिसरी वेळ आणि शेवटची. दोन वर्षांवर निवृत्ती आलेली.

खरं तर माणूस वीस वर्षं कुसळीच्या मागं होता. डोंगरावरचं हे गवत. त्याची अणकुचीदार कुसळं चालणाऱ्याच्या पायजम्यात आणि मेंढराच्या लोकरीत घुसतात. भिजलेलं कुसळ स्वतःभोवती फिरत आत आत का जातं, हे सरांनी शोधलं. मग काय, जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्या पेपरचा आधार घेतला, मातीवाल्यांनी घेतला, यंत्रं बनवणाऱ्यांनी घेतला. परदेशात कुणी तरी ऑपरेशनची सुई बनवली, तिच्या मुळाशीही सर जिथं गवत गोळा करायचे त्या हर्सूलच्या माळावरचं कुसळ! असा प्रत्येक आधार म्हणजे एक सायटेशन, आणि अशी अकराशे चाळीस झाली होती.

पण ती सांडूसरांची नव्हतीच. शाळेत मास्तरांनी छडी दाखवून शिकवलं होतं, आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं. सरांनी परदेशी मासिकांच्या फॉर्मवर इमानदारीत लिहिलं, शिंगाडे सांडू बिरू. तिकडचे लोक शेवटचा शब्द आडनाव धरतात. झालं! अकरा पेपर 'बिरू एस. एस.' यांच्या नावावर जमा. आणि बिरू म्हणजे सरांचे वडील. देवगाव रंगारीला जन्मभर मेंढरं राखलेले, सहीच्या जागी अंगठा उठवणारे. सरांनी समितीला सांगितलं, हे अकरा पेपर माझेच.

"सर, दुसऱ्याचं काम आपलं म्हणणं बरं नव्हे," समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब गायके म्हणाले. "या बिरूंनाच घेऊन या." समितीतल्या एकाला तर हे गृहस्थ जपानी वाटत होते.

दुसऱ्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून जपानी गृहस्थ हजर झाले. वय ब्याऐंशी. समोर पेपर ठेवला. वर कुसळाचं हे मोठं चित्र.

"ओळखता?"

"व्हय! माझंच हाय की हे."

सांडूसर पुढं वाकले. "आबा, नीट बघा..."

"तू गप रं. साहेब मला इचारत्यात." म्हाताऱ्यानं घोंगडीत चाचपून एक कुसळ उपटलं, आप्पासाहेबांच्या ग्लासात बुडवलं आणि टेबलावर ठेवलं. कुसळ वळवळलं, गर्रकन फिरलं. समिती खुर्च्या मागं सारून उठली.

"मेंढराच्या अंगात घुसलं की वढू नाय, उलटं फिरवावं. म्या ह्याला लहानपणी दावलं."

"मग हे पेपर तुम्ही लिहिलेत?"

"म्या? मला लिवाया येतं तर मेंढरामागं कशापाई फिरलो असतो, मालक? फिरतंय हे मला ठावं. का फिरतंय हे इचारून ह्यानं डोकं खाल्लं माझं, लई खाल्लं. शेवटी म्हणलं, तूच हुडीक बाबा."

सांडूसरांनी तेवढ्यात आपली मॅट्रिकची गुणपत्रिका पुढं सरकवली. शिंगाडे सांडू बिरू. आप्पासाहेबांनी ती वाचली, परत वाचली. असाच फॉर्म त्यांनीही कधी काळी भरला होता. त्यांचा स्वतःचा जन्मात एकच पेपर होता, ज्वारीवरचा. तीस वर्षांत त्याला कुत्र्यानंही विचारलं नाही, हे त्यांचं ठसठसणारं दुःख. आता त्यांनी हळूच संगणक ओढला आणि आपलं आडनाव सोडून वडिलांचं नाव टाकलं : काकासाहेब.

"सात!" अध्यक्ष ओरडले. "अहो, सात आहेत माझी! एक ब्राझीलचं!"

पुढं चौकशी कसली होणार? शिफारशीवर सही करताना त्यांनी पेढे मागवले आणि पहिला बिरूआबांच्या तोंडात घातला.

प्राध्यापक सांडू शिंगाडेंचा देवगावात हलगी लावून सत्कार झाला. तिथं त्यांच्या आईनं, बानाबाईनं, पोराला बाजूला ओढलं. "व्हय रं, ते सायटेशन का काय म्हंत्यात, ते काय असतंय?"

"लोक नाव घेतात, बय. पण कागदावर माझं न्हवं, आबांचं पडलं. अकराशे चाळीस वेळा घेतलंय."

"अगं बया! म्या लग्नात एकदा घेतलं, त्ये बी बायांनी वाट आडवली म्हणून. साठ वर्षं 'अवं, आयकलं का'वर काढली. आन् लोकांनी एवढ्यांदा?"

बानाबाईनं पदर खोचला, तरातरा मंडपाच्या मधोमध गेली, हलगी थांबवली आणि ठणकावून म्हणाली :

"कुसळ फिरतं गरगरा, मेंढरं चरत्यात वढ्याला, बिरूचं नाव घेते, इचारा आता शास्त्रज्ञाला!"

बिरूआबा लाजून घोंगडीत शिरले. आणि सांडूसरांनी, भर सभेत, माइक हातात घेऊन नोंद केली, "अकराशे एक्केचाळीस!"