परबकाकांनी न रंगवलेलं तोंड

परबकाका गेल्याचं मला स्टुडिओच्या गेटवर कळलं, तेही चार दिवसांनी. शोकसभेत प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "हसतमुख माणूस, कधी कुणाशी वाद नाही." मी तिथूनच उठले. वादावरूनच याने सहा वर्षांपूर्वी काकांचं काम बंद केलं होतं!

परबकाका मेकअपमन, मी कपडेपट सांभाळायची. तेव्हा अंधेरीला पौराणिक चित्रपटाचं शूटिंग होतं. रामाच्या सेनेसाठी वानर हवे होते, मॅनेजरने मदाऱ्याकडून दोन माकडं आणली आणि म्हणाला, "परब, यांची तोंडं काळी करा." काका भडकले की मालवणीत शिरायचे. "ह्या माझ्या हातान होवचा नाय!" मग जरा थांबून म्हणाले, "अहो, वानर वेगळं, माकड वेगळं. वानराचं तोंड जन्माचंच काळं, शेपूट अंगाहून लांब. ते झाडावर पाला खाऊन राहतं. हे बिचारं लाल तोंडाचं, माणसापाशी येऊन हात पसरतं, म्हणून दोरीला लागतं." मॅनेजर हसला. मारुतीच्या तसबिरीपुढे नारळ फुटला आणि दुसऱ्याच कुणीतरी दोघांच्या तोंडाला ऑइलपेंट फासला. दिव्यांच्या धगीत त्यातलं एक माकड तोंड चाटत राहिलं, ओकत राहिलं... काका दुपारभर खोबरेल तेलाने त्याचं तोंड पुसत बसले. दुसऱ्या दिवशी ते मेलं. मी सगळं पाहिलं आणि गप्प बसले. नोकरी होती ना मला!

काका तक्रारीचा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले, "वानर असतं तर लोक पेटले असते. माकडं काय, ढिगाने आहेत."

"कायद्यात दोघंही आहेत ना, साहेब?"

साहेबांनी अर्ज परत सरकवला. ढिगाने आहेत म्हणून मेलेली चालतात? आणि ढीग संपल्यावर कुणाला जाग येणार आहे? देवाच्या नात्यातलं म्हणून वानराला हात जोडायचे, अन् त्याच्या डोंगरावरची झाडं तोडून इमारती उठल्या की तिकडेही पाठ फिरवायची... आमची भक्ती ही एवढीच.

गेल्या रविवारी मुलुंडला काकूंकडे गेले होते. मागच्या डोंगरावरून माकडं चाळीच्या कौलांवर उतरली, तशा काकू ताट बडवत धावल्या. काका घरी असले की हेच करत. शेजारी म्हणत, या माणसाला मुक्या जनावराची दया नाही.

"एक केळं दिलं की माणसाळतात," काकू म्हणाल्या, "आणि माणसाळली की..."

माकडं झाडीत दिसेनाशी होईपर्यंत त्या ताट बडवत राहिल्या.